भावोजींनी पुसलेले नऊ फोटो

आमच्या भावोजींवर मी दिवसातून किमान दोनदा चिडते. एकदा ते सकाळी घराबाहेर पडताना आणि एकदा संध्याकाळी परत आल्यावर. मधल्या वेळात ते चष्म्याच्या दुकानात असतात, म्हणून जरा शांतता असते.

भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. वय बावन्न. लग्न केलं नाही. का केलं नाही म्हणून विचारलं तर म्हणतात, "राहून गेलं," जसं काही दूध आणायचं राहून गेलं. आमच्याच घराच्या वरच्या खोलीत राहतात. दुकानात मागच्या बाजूला एक चिंचोळी खोली आहे, तिथे बसून चष्म्याच्या काचा घासतात, फ्रेमच्या मापाने कापतात. मालक म्हणतात, असा हात दुसरा नाही. काचेवर केसाएवढा ओरखडा असला तरी त्यांना दिसतो. शर्टाची बटणं खालीवर लागलेली मात्र दिसत नाहीत, ती मला दाखवावी लागतात.

आणि दुकान सुटलं की हा माणूस रानातल्या जनावरांचे फोटो काढतो.

लोकांना वाटतं, फोटो काढायचा म्हणजे कॅमेरा उचलायचा आणि बटण दाबायचं. मलाही तसंच वाटायचं. आता मला या विषयातलं इतकं कळतं की सोय नाही, आणि त्यातलं काहीही मी हौसेने शिकलेले नाही. त्यांची लेन्स माझ्या हाताएवढी लांब आहे. तिला ओल लागली की आतून बुरशी धरते, म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी लागते. तो डबा म्हणजे माझा पिठाचा डबा. लेन्स हलू नये म्हणून तिच्याखाली उशी लागते, आणि ती कापसाची चालत नाही, दाण्यांचीच लागते, म्हणजे लेन्स तिच्यात रुतून बसते. माझी दोन किलो चवळी त्या उशीत गेली. पुढे तिला कीड लागली, किडे जिन्यावरून खाली उतरून माझ्या स्वयंपाकघरात आले. मी आकाशपाताळ एक केलं. भावोजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, ह्या वेळी राजमा द्या. तो टिकतो."

पडद्यांचं तर विचारूच नका. मी चार दिवस बहिणीकडे गेले होते. परत येऊन बघते तर बैठकीच्या खिडक्या उघड्या बोडक्या. हिरवे पडदे कापून भावोजींनी लपण शिवलं होतं. लपण म्हणजे आत एक माणूस कसाबसा बसेल असा तंबू, पुढे लेन्सपुरती फट. पडदे नवे होते. त्यांना मुद्दाम चिखल फासला होता, कारण नवं कापड उन्हात चमकतं म्हणे.

जनावराला वास लागू नये म्हणून निघायच्या आदल्या दिवसापासून साबण बंद. कॅमेरा जनावराच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा, म्हणून चिखलात पोटावर झोपायचं. आणि त्या चिखलाच्या कपड्यांनाही साबण लावायचा नाही. मग धुवायचे कशाने, माझ्या रागाने?

बरं, बाहेर काय करायचं ते करा. पण सराव घरात चालतो. रविवारी दुपारी वरच्या खोलीत खुर्चीवर बसायचं आणि एक तास हलायचं नाही. डास चावला तरी नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी कपडे वाळत घालायला वर गेले, हाक मारली, उत्तर नाही. डोळे उघडे, नजर भिंतीवर, नाकावर माशी. मी अशी किंचाळले की शेजारचे दोघं जण जिना चढून आले. भावोजींनी माशी हाकलली, घड्याळात बघितलं आणि म्हणाले, "आठ मिनिटं राहिली होती हो, वहिनी."

एवढं सगळं करून हाती काय येतं? जनावराची पाठ. नाहीतर शेपूट. नाहीतर गवतात झोपलेलं काहीतरी, जे मला दाखवताना बोटाने दाखवावं लागतं. याचं कारण म्हणजे भावोजींचा नियम. ज्या फोटोत जनावर त्यांच्याकडे बघत असेल, तो फोटो ते संध्याकाळी घरी आल्या आल्या पुसून टाकतात.

"त्याने आपल्याकडे बघितलं, म्हणजे आपण त्याचं काम मोडलं," ते सांगतात. "तो फोटो जनावराचा नाही. आपण त्रास दिला, त्याचा आहे."

मी हात टेकले. एकदा दुकानाच्या मालकांनी दर्शनी भिंतीवर लावायला फोटो मागितला. चष्म्याचं दुकान, तेव्हा डोळे छान टपोरे दिसतील असा काहीतरी द्या म्हणाले. भावोजींनी झोपलेल्या कोल्ह्याचा दिला.

तर आता पाणमांजरीची गोष्ट.

आमच्या घरापासून वीस मिनिटं चालत गेलं की जुनी दगडाची खाण आहे. खाण बंद पडली, खड्ड्यात पाणी साठलं, कडेला वेत आणि झुडपं माजली. लोक तिथे फुटकं फर्निचर टाकायला जातात. भावोजी तिथे गेली सहा वर्षं बसतात. या वर्षी समोरच्या काठावर, दगडांच्या कपारीत, एका पाणमांजरीने बीळ केलं आणि तिला दोन पिल्लं झाली. ही बातमी त्यांनी मला ज्या आवाजात सांगितली, तो आवाज मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता. "वहिनी, दोन आहेत," एवढंच म्हणाले आणि जिन्यात उभेच राहिले. मी हातातला पोळपाट बाजूला ठेवून म्हटलं, "बसा, चहा घ्या."

दीड महिना हे सुखात चाललं. मग एका बुधवारी खाणीच्या फाटकावर पालिकेचा कागद लागला. तळं बुजवून तिथे मालाच्या ट्रकांसाठी वाहनतळ होणार. हरकत असेल तर येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता पुराव्यासह या.

भावोजींना कचेरीत एकट्याने पाठवण्यात अर्थ नव्हता, ते साहेबांचा चष्मा वाकडा बसलाय एवढं सांगून परत आले असते. म्हणून त्याच दुपारी मी बरोबर गेले. साहेब भला माणूस होता. त्याने नियमांचं पुस्तक काढून दाखवलं. एखादं जनावर तळ्यावर येतं-जातं, याला काही किंमत नाही. पण जनावर तिथे पिल्लं वाढवत असेल तर भराव टाकता येत नाही. "पिल्लांचा एक फोटो आणा," तो म्हणाला. "आई, पिल्लं, बीळ, सगळं एकत्र दिसलं पाहिजे. मी स्वतः काम थांबवतो."

भावोजींनी पिशवीतून फोटो काढले. एकूण बत्तीस. पाणमांजर पोहताना, मागून. पाणमांजर मासा खाताना, मागून. पाण्यावर नुसता तरंग. साहेबाने ते पत्त्यांसारखे पिसले आणि म्हणाला, "पाठ बघून काय समजायचं? आणि पिल्लं कुठायत?"

"पिल्लांचे होते," भावोजी म्हणाले.

"होते म्हणजे?"

"नऊ होते. पुसले."

साहेबाने माझ्याकडे बघितलं. मी कपाळावर हात मारून घेतला, दुसरं काय करणार?

घरी येताना रस्त्याने मी त्यांना जे बोलायचं ते बोलले. पिल्लं बिळाच्या तोंडाशी येतात तेव्हा आई शेजारीच असते, कॅमेऱ्याचा खट् आवाज होतो आणि ती वर बघते. नऊ वेळा बघितलं, म्हणून नऊच्या नऊ गेले. मी म्हटलं, फोटोच्या दुकानात नेऊ, पुसलेलं परत काढून देतात. नेलं. दुकानदाराने कार्ड मशीनला लावलं आणि सांगितलं की यांनी त्याच कार्डावर नंतर चारशे फोटो काढलेत, खालचं काही उरलं नाही. चारशे कसले, तर वेताच्या पानावर बसलेल्या एका चतुराचे. मी म्हटलं, तुमचा तो आपोआप फोटो काढणारा डबा आहे ना, तो लावा. म्हणाले, लावला होता महिन्यापूर्वी, ती त्याचा वास घेऊन दोन दिवस फिरकली नाही, म्हणून काढून आणला. प्रत्येक गोष्टीला या माणसाकडे उत्तर तयार असतं आणि ते उत्तर नेहमी खरं असतं. तेच तर सहन होत नाही.

गुरुवारी त्यांनी दुकानातून अर्धा दिवस सुटी घेतली आणि जाऊन बसले. फोटो नाही. शुक्रवारी नाही. शनिवारी संध्याकाळी ते आले, बूट काढले आणि पायरीवरच बसून राहिले.

"आली नाही का आजही?" मी विचारलं.

"तिन्ही दिवस आली. पिल्लांना घेऊन आली."

"मग?"

"बोट दाबत नाही हो, वहिनी." आणि त्यांनी उजव्या हाताचं ते बोट माझ्यापुढे धरलं, जसं काही ते मीच दुरुस्त करून देणार होते. "नवव्या वेळी ती फार घाबरली होती. पिल्लांना आत नेलं ते दोन दिवस बाहेर काढलंच नाही. आता ती बाहेर आली की आधी माझ्या लपणाकडेच बघते. ती बघते आणि माझं बोट आपोआप वर येतं."

"आणि सोमवारनंतर तळ्यावर ट्रकभर दगड पडले की ती घाबरणार नाही?"

ते बुटांच्या नाड्या सारख्या करत बसले. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "तुमचं बोट चालत नाही ना? माझं चालतं. उद्या मी बसते."

हे मी रागात बोलले होते. पण त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे असं बघितलं की मला ते मागे घेता येईना.

रविवारी दुपारी तीन वाजता आम्ही दोघं खाणीवर गेलो. मी आंघोळ नुसत्या पाण्याने केली होती आणि आमच्या ह्यांची जुनी तपकिरी पँट घातली होती. लपणात आम्ही दोघांनी शिरायचं आणि थोड्या वेळाने एकाने बाहेर पडून उघड उघड निघून जायचं, ही त्यांची रीत आहे. जनावराला मोजता येत नाही. एक गेला म्हणजे लपण रिकामं झालं, असं त्याला वाटतं. एरवी आमचे हे बरोबर जाऊन परत येतात आणि भावोजी आत राहतात. आज भावोजी जाणार होते.

लपणाच्या काठीला त्यांनी एक लोकरीचा धागा बांधला. तो आमच्या तोंडाकडे उडत होता, म्हणजे वारा समोरून आहे, वास तिकडे जात नाही. कॅमेरा त्यांनी राजम्याच्या उशीवर टेकवला, बिळाच्या तोंडावर नेमका लावून दिला.

"बाकी कशालाही हात लावू नका. बटण आधी अर्धं दाबायचं, थांबायचं. पिल्लं दिसली की पूर्ण दाबायचं. एकदाच, वहिनी. एकच फोटो पुरे आहे."

"कळलं हो. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

ते बाहेर पडले, मुद्दाम दोनदा खोकले आणि पाय वाजवत गेले.

मी घरात दोन मिनिटं एका जागी बसत नाही. तिथे दीड तास बसले. मानेवरून मुंगी गेली, पाय बधिर झाला, भावोजींच्या नावाने मनातल्या मनात मी काय काय म्हटलं ते सांगण्यासारखं नाही. आणि मग दगडांत काहीतरी हललं. आधी मिशा आल्या, मग चपटं ओलं डोकं. ती बाहेर आली आणि खरंच थेट माझ्याकडे बघत राहिली. मुलं अंगणात खेळत असताना फाटकाशी अनोळखी माणूस थांबला की मी जशी बघते, तशीच बघत होती. राग नव्हता त्यात. नुसतं, तू कोण आणि कशाला थांबलास, एवढंच.

मी श्वास धरून ठेवला. तिच्या मागून पिल्लं आली, दोन, एकमेकांवर धडपडत. एक तिच्या पायाखालून पुढे आलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी बटण पूर्ण दाबलं.

दाबायचं कसं ते भावोजींनी सांगितलं होतं. सोडायचं सांगितलं नव्हतं. दाबून धरलं की तो कॅमेरा थांबतच नाही, एकामागून एक फोटो काढत सुटतो. उडणाऱ्या पक्ष्यांसाठी ती सोय असते आणि ती तशीच राहिली होती. खट्खट्खट्खट् असा आवाज त्या दगडांच्या खड्ड्यात घुमला. मी इतकी दचकले की बोट उचलायच्या ऐवजी आणखीच दाबलं. तिने एका पिल्लाला मानेला धरून आत टाकलं, परत आली, दुसरं उचललं, आणि जाताना पुन्हा एकदा माझ्याकडे बघितलं. मग तिथे काही नव्हतं.

भावोजी आले. "अकरा," ते म्हणाले. फाटकापर्यंत आवाज गेला होता आणि त्यांनी मोजले होते.

"मला काय माहीत तो असा सुटेल!" मी ओरडलेच. चूक माझी असली की माझा आवाज वाढतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

"चूक माझी आहे. एकेक फोटोवर लावायला हवा होता," ते म्हणाले. कॅमेऱ्याच्या मागे छोट्या पडद्यावर त्यांनी फोटो बघितले. आई, दोन पिल्लं, बीळ, सगळं लख्ख. मिशीवरचा थेंबसुद्धा दिसत होता. त्यांनी कॅमेरा बंद केला आणि पिशवीत ठेवला.

सोमवारी साहेब खुर्चीतून उठलाच. "वा! कशी रोखून बघतेय बघा! अहो, असे फोटो असताना तुम्ही मला पाठी काय दाखवत बसलात?" त्याने शब्द पाळला. तिथल्या तिथे कागदावर सही केली, भराव थांबला, ट्रकांना जुन्या गिरणीमागची मोकळी जागा मिळाली. आमच्या ह्यांनी मला कॅमेरावाली बाई म्हणायला सुरुवात केली. दुकानाच्या मालकांनी झोपलेला कोल्हा उतरवला आणि तिथे मी काढलेला फोटो लावला. चष्मा घ्यायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, काय डोळे आहेत! मी दोन दिवस जमिनीच्या वर चालत होते, खोटं कशाला बोलू?

भावोजी रोज संध्याकाळी खाणीवर जात होते आणि परत येऊन काही सांगत नव्हते. मी विचारायची, "काय म्हणते तुमची मंडळी?" ते म्हणायचे, "बघू." असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मला राहवेना. मी चपला घातल्या आणि त्यांच्या मागून निघाले.

या वेळी आम्ही लपणात शिरलोच नाही. ते मला काठाकाठाने थेट बिळापाशी घेऊन गेले, आणि एवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं, कारण एरवी ते त्या काठावर पाऊलसुद्धा टाकत नसत. बिळाच्या तोंडाशी ओला चिखल होता. दोन दिवस ती दिसली नाही म्हणून, सही झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, तो त्यांनी तळहाताने थापून सारखा करून ठेवला होता. कुणी आत-बाहेर केलं तर पाय उमटावेत म्हणून. आठ दिवस झाले होते. चिखलावर भावोजींच्या हाताची पाच बोटं होती आणि दुसरं काहीच नव्हतं.

मी तिथेच दगडावर बसले. तळं तसंच होतं, वेत तसाच होता, ट्रक येणार नव्हते. ज्यांच्यासाठी हे सगळं केलं तेच तिथे नव्हते.

"माझ्यामुळे गेली ना?" मी विचारलं.

भावोजी वाकून दगडाला चिकटलेला माशाचा एक वाळका खवला नखाने काढत होते. "छे हो," ते म्हणाले. "जाणारच होती ती. पिल्लं तीन महिन्यांची झाली की पाणमांजरी जागा बदलतातच. तुमचा काही संबंध नाही त्यात."

पिल्लं तीन महिन्यांची झाली नव्हती. ती अजून पाण्यात उतरलेलीसुद्धा नव्हती, आणि उतरून पोहायला लागेपर्यंत आई बीळ सोडत नाही, हे मला त्यांनीच सांगितलेलं होतं. त्यांनाही ते आठवत असणार, कारण ते माझ्याकडे बघत नव्हते. खवला कधीच निघाला होता, तरी ते दगड खरवडत होते. आपल्याकडे बघणारं जनावर, एवढं खोटंसुद्धा ज्याला फोटोत चालत नाही, त्या माणसाने माझ्यासाठी खोटं बोलायला घेतलं होतं, आणि त्याला ते धड बोलताही येत नव्हतं.

एरवी मी सोडलं नसतं. तिथल्या तिथे पकडलं असतं. पण त्या दिवशी मी म्हटलं, "असेल," आणि उठून काठाकाठाने परत लपणापाशी आले, त्याच्या काठ्या उपटायला लागले. ते दुसऱ्या बाजूने काठ्या काढत होते.